साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला आणि आमच्या वकिलांनी तेरा प्रश्नांत उलटतपास संपवला. हे बरोबर झालं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. ऑगस्ट २०२४ मध्ये बांधावरून मारामारी झाली, त्यात तुमचे मामा आरोपी आहेत. प्रत्यक्ष पाहिल्याचं सांगणारा साक्षीदार कोर्टात म्हणाला की मामांनी कुऱ्हाडीच्या दांड्याने डोक्यात मारलं. पोलिसांकडच्या त्याच्या जबाबात मात्र ‘हाताने व लाथाबुक्क्यांनी मारहाण केली’ एवढंच आहे. तुमच्या वकिलांनी त्याला तेरा प्रश्न विचारले आणि ते खाली बसले. सगळ्यांसमोर त्याला खोटं का पाडलं नाही? जबाबच न्यायाधीशांच्या हातात का दिला नाही? आणि शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण पेनड्राइव्हमध्ये देऊनही त्याला निशाणी क्रमांक, म्हणजे पुरावा म्हणून नोंदीवर घेतल्याचा क्रमांक, का मिळाला नाही?

मी सव्वीस वर्षं तालुका आणि जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं करतो आहे. आरोपीच्या घरच्यांनी उलटतपासाच्या संध्याकाळी रागाने फोन करावा, हे मला नवीन नाही, आणि त्या रागामागची काळजी मी ओळखतो. तुमच्या प्रकरणाची कागदपत्रं माझ्यासमोर नाहीत. पण तुम्ही सांगितलंय त्यावरून तेरा प्रश्न कमी वाटत नाहीत. ते कोणते होते, हे पाहायला हवं. म्हणून आधी त्या साक्षीची नक्कल काढा आणि शांतपणे वाचा. कोर्टात बसून ऐकलेलं आणि टंकलिखित झालेलं यात फरक असतो, आणि निकालाला उपयोगी पडतं ते टंकलिखित झालेलं.

गुन्हा १ जुलै २०२४ नंतरचा आहे, त्यामुळे तुमच्या मामांना १८७२ चा जुना पुरावा कायदा लागू नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू आहे आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. (त्या तारखेला जे खटले चालू होते ते जुन्याच पुरावा कायद्याने चालतात, म्हणून एकाच कोर्टात सकाळी जुनं कलम आणि दुपारी नवं कलम ऐकू येतं.) साक्षीदाराला आधीच्या लेखी कथनाशी तोंड द्यायला लावायचं पुरावा कायद्याचं कलम १४५ होतं, ते आता १४८ झालं. पोलीस जबाबाचा वापर कुठपर्यंत करता येतो हे सांगणारं प्रक्रिया संहितेचं कलम १६२ होतं, ते नागरिक सुरक्षा संहितेत १८१ झालं. आकडे बदलले तरी मूळ नियम तेच राहिले आहेत आणि जुने निकाल आजही वाचले जातात.

आता मूळ प्रश्न. पोलिसांनी तपासात घेतलेला जबाब हा पुरावा नाही. त्यावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते, शपथही नसते, आणि लिहिणारा हवालदार आपल्या भाषेत लिहितो. कायद्याने त्याचा वापर जवळजवळ बंद करून आरोपीसाठी एकच फट ठेवली आहे: सरकारी साक्षीदार कोर्टात आपल्याच जबाबाच्या विरुद्ध बोलला तर ती विसंगती दाखवायला जबाबातला तेवढा भाग वापरता येतो. अख्खा जबाब न्यायाधीशांच्या हातात देता येत नाही तो यामुळे. ‘साहेब, वाचून बघा, सगळं वेगळं आहे’ असं म्हणून चालत नाही. नेमकी ओळ दाखवावी लागते, साक्षीदाराला तिचा खुलासा करायची संधी द्यावी लागते आणि मगच ती नोंदीवर येते.

तुमच्या प्रकरणात दोन गोष्टी एकत्र आहेत, त्या वेगळ्या करून पाहा. ‘हाताने व लाथाबुक्क्यांनी’ हे जबाबात लिहिलेलं वाक्य आहे. कोर्टातलं कथन त्याच्याशी जुळत नाही, ही विसंगती. वकील तिला काँट्राडिक्शन म्हणतात. हे वाक्य साक्षीदाराला वाचून दाखवायचं. तो ‘हो, मी असं सांगितलं होतं’ म्हणाला तर काम तिथेच झालं. ‘मी असं सांगितलं नव्हतं’ म्हणाला तर त्या भागाला ‘अ’ अशी खूण करायची. दुसरी गोष्ट दांड्याची. दांडा जबाबात मुळीच नाही. याला आम्ही ओमिशन म्हणतो, म्हणजे लोप. जे लिहिलेलंच नाही त्याला खूण करता येत नाही. तिथे साक्षीदाराला विचारावं लागतं की दांड्याने मारल्याचं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का. नव्वद टक्के साक्षीदार एकच उत्तर देतात, आणि ते साक्षीत असं उतरतं: ‘मी पोलिसांना जबाब देताना आरोपीने दांड्याने मारल्याचे सांगितले होते. ते माझ्या जबाबात का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.’ तुमच्या हातातल्या नकलेत हे वाक्य असेल तर त्या तेरांपैकी निदान एक प्रश्न अगदी योग्य जागी बसला आहे, असं समजा.

इथे घरचे लोक विचारतात, ‘मग त्याने कारण का नाही सांगितलं, हे अजून खोदून का विचारलं नाही?’ विचारलं नाही ते चांगलं झालं. खोदून विचारलं की साक्षीदाराला सावरायला जागा मिळते. ‘त्या वेळी मी घाबरलेलो होतो’, ‘हवालदार म्हणाले तेवढं पुरे’ अशी उत्तरं मग पुढे येतात. फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारताना, सरकारी वकील ती जागा भरायचा प्रयत्न करतीलच, आपण आधीच भरून द्यायचं कारण नाही.

प्रत्येक लोप महत्त्वाचा असतो असंही नाही. यावरचा मूळ निकाल १९५९ चा, तहसीलदार सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य. दरोडेखोरांच्या टोळीने केलेल्या खुनांचं ते प्रकरण. तिथे बचावाच्या वकिलांना साक्षीदाराला विचारायचं होतं की घटनास्थळी गॅसबत्ती होती हे तू पोलिसांना सांगितलं होतंस का. सत्र न्यायाधीशांनी असे प्रश्न अडवले आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बहुमताने ठरलं ते असं की नुसतं न सांगणं म्हणजे विसंगती नव्हे, दोन्ही कथनं एकत्र उभी राहूच शकत नसतील तरच लोपाला विसंगती म्हणता येईल. पुढे १९७३ च्या संहितेत स्पष्टीकरण घातलं गेलं की महत्त्वाचा आणि संदर्भाला धरून असलेला लोपही विसंगती ठरू शकतो, आणि तो महत्त्वाचा आहे की नाही हे त्या-त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर ठरेल. तेच स्पष्टीकरण आजच्या कलम १८१ मध्ये आहे. साक्षीदाराने शर्टाचा रंग सांगितला नाही, बैल किती होते ते सांगितलं नाही, यावर तासभर घालवणारे वकील मी पाहिले आहेत आणि त्याने न्यायाधीशांचा कंटाळा तेवढा वाढतो. तुमच्याकडे मात्र हत्याराचाच लोप आहे. भारतीय न्याय संहितेत साध्या दुखापतीला, कलम ११५(२) खाली, एक वर्षापर्यंत कैद आहे. धोकादायक हत्याराने केलेल्या दुखापतीला, ११८(१) खाली, तीन वर्षांपर्यंत. दुखापत गंभीर ठरली आणि हत्यारही सिद्ध झालं तर ११८(२) खाली किमान एक वर्ष आणि जास्तीत जास्त जन्मठेपेपर्यंत. डोक्यावरच्या माराबद्दल बोलताना दांडा सांगायला विसरलो, हे सहज पटण्यासारखं नाही.

एवढं करूनही काम अर्धंच झालेलं असतं, आणि या उत्तरात मला सर्वांत कळकळीने सांगायचंय ते इथे आहे. साक्षीदाराने नाकारलेली ‘अ’ खुणेची ओळ आणि त्याने ‘सांगितलं होतं’ म्हणून टाळलेला लोप, दोन्ही तपासी अंमलदाराच्या तोंडून सिद्ध करावे लागतात. जबाब घेणारा अधिकारी साक्षीला येईल तेव्हा त्याला विचारायचं: या साक्षीदाराने ‘अ’ खुणेचा मजकूर तुम्हाला सांगितला होता का? दांड्याने मारल्याचं त्याने जबाब देताना सांगितलं नव्हतं, हे खरं आहे का? अधिकारी ‘होय, खरे आहे’ म्हणाला की विसंगती पुरावा झाली. हे न विचारता राहिलं तर खूण केलेली ओळ असूनही नसल्यासारखी. न्यायालय ती निकालात वापरू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने व्ही. के. मिश्रा विरुद्ध उत्तराखंड राज्य या २०१५ च्या निकालात हीच पद्धत पुन्हा स्पष्ट केली आहे.

वकिलीच्या चौथ्या वर्षी माझ्या हातून हे सुटलं होतं. तीन साक्षीदारांकडून सात लोप काढले होते, छान वाटत होतं. तपासी अंमलदाराची साक्ष लागली त्या दिवशी मी दुसऱ्या कोर्टात अडकलो, घाईत आलो, पंचनाम्यावर आणि नकाशावर प्रश्न विचारले आणि बसलो. सातपैकी एकही लोप त्याच्याकडे नेला नाही. युक्तिवादाच्या वेळी सरकारी वकिलांनी एका वाक्यात ते दाखवून दिलं. त्या माणसाला शिक्षा झाली. पुढे अपिलात ज्येष्ठ वकिलांनी वेगळ्या मुद्द्यावर त्याला सोडवलं, पण मधले अकरा महिने तो आत होता. तेव्हापासून प्रत्येक साक्षीदाराच्या उलटतपासानंतर त्याच संध्याकाळी मी एका वहीत तपासी अंमलदारासाठीचे प्रश्न लिहून ठेवतो. तुमच्या वकिलांना तुम्ही विचारावं असा एकच प्रश्न मी सुचवीन: ‘तपासी अंमलदाराला विचारायचे लोप लिहून ठेवलेत ना?’ नम्रपणे विचारा, चांगला वकील रागावणार नाही.

आता ‘जोरात उलटतपास’ हवा होता, या तुमच्या अपेक्षेविषयी. उलटतपासात सूचक प्रश्न, म्हणजे उत्तर सुचवणारे प्रश्न, विचारता येतात, साक्षीदाराची विश्वासार्हता तपासता येते, त्याचं वैर, त्याचा स्वार्थ बाहेर काढता येतो. पण प्रत्येक प्रश्न आपल्याच पायावर पडू शकतो. ‘एवढ्या अंधारात तुला चेहरा कसा दिसला?’ असं विचारल्यावर ‘माझ्या मोटारसायकलचा दिवा चालू होता’ हे उत्तर मी कानांनी ऐकलंय. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांनी आधी विचारलेल्या प्रश्नांत, तो दिवा कुठेच नव्हता, आम्ही तो लावून दिला. आणि सूचना देतानाही सांभाळावं लागतं. ‘हे म्हणणे खोटे आहे की...’ अशी सुरुवात करून बचावाची बाजू साक्षीदारापुढे मांडावीच लागते, नाहीतर त्याचं कथन आपल्याला मान्य आहे असं धरलं जाऊ शकतं. पण बाळू सुदाम खळदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की बचावाच्या वकिलांनी वस्तुस्थितीबाबत दिलेली कबुली आरोपीवर बंधनकारक असते आणि उलटतपासातल्या सूचना इतर पुराव्याबरोबर विचारात घेता येतात, जरी नुसत्या सूचनेवर शिक्षा होत नसली तरी. म्हणून ‘मामा तिथे नव्हतेच’ ही एक बाजू, आणि ‘झटापटीत जखमी स्वतः बांधाच्या दगडांवर पडला’ ही दुसरी. दोन्ही एकाच साक्षीदाराला सुचवल्या तर पहिली दुसरीला खाते. तुमच्या वकिलांनी कोणती निवडली, हे नकलेत दिसेल. ती निवड मामांच्या संमतीने झालेली असावी, आणि पुढच्या प्रत्येक साक्षीदाराला तीच सुचवली जावी.

बांधाच्या दगडांचा मुद्दा निघालाच आहे तर डॉक्टरांच्या साक्षीला तो लागतो. जखमेच्या प्रमाणपत्रावर बहुतेक वेळा ‘कठीण व बोथट वस्तूने’ असं असतं. दांडा कठीण आणि बोथट असतो, दगडही असतो. डॉक्टरांना दोनच प्रश्न पुरतात: दगडावर पडल्याने अशी जखम होऊ शकते का, आणि तपासी अंमलदाराने जप्त दांडा तुम्हाला दाखवून तुमचं मत घेतलं होतं का. पण डॉक्टर सरळ असतील आणि जखम डोक्याच्या मधोमध माथ्यावर असेल तर पहिला प्रश्न न विचारणंच शहाणपणाचं, कारण पडून माथ्यावर मार लागणं अवघड असतं आणि ते तसं सांगतील.

दांडा गोठ्यातून मामांनी काढून दिला असा पंचनामा दोषारोपपत्रात असेल. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येत नाही, पण तिच्यामुळे काही वस्तुस्थिती उघड झाली तर तेवढ्यापुरता भाग येतो. जुनं कलम २७, आता साक्ष अधिनियमाच्या कलम २३ चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेला अपवाद. ‘ज्या दांड्याने मी मारले तो गोठ्यात ठेवला आहे, काढून देतो’ या वाक्यातला ‘ज्या दांड्याने मी मारले’ हा भाग वाचायला बंदी आहे. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोटय्या प्रकरणात १९४६ मध्येच हे सांगून ठेवलं, तरी आजही पंचाच्या तोंडून अख्खं वाक्य नोंदीवर जातं आणि कुणी हरकत घेत नाही. तुमच्याकडे हरकत घेतली गेली का, ते पाहा. शिवाय शेतकऱ्याच्या गोठ्यात दांडा सापडण्यात नवल काय, हा प्रश्न युक्तिवादासाठी राखून ठेवण्यासारखा आहे. पंच फितूर झाला तर आनंद मानू नका. सरकारी वकील न्यायालयाच्या परवानगीने त्याला साक्ष अधिनियमाच्या कलम १५७ खाली उलट प्रश्न विचारतात, आणि त्याची साक्ष पुसली जात नाही, त्यातला विश्वासार्ह भाग न्यायालय घेऊ शकतं.

हरकतीबद्दल एक बारकावा. कागद मुळातच पुराव्यात येऊ शकत नाही, ही हरकत नंतरही घेता येते. पण कागद येऊ शकतो, मात्र सिद्ध करण्याची रीत चुकली आहे, म्हणजे मूळ प्रत नाही किंवा लिहिणारा आला नाही, ही हरकत कागद निशाणी होतानाच घ्यावी लागते. त्या वेळी गप्प राहिलं तर ती सोडून दिली असं धरतात. व्यंकटाचल गौंडर प्रकरणात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा फरक नीट मांडला आहे. हरकत घेतली की बहुतेक न्यायाधीश ती नोंदवून साक्ष पुढे चालू ठेवतात आणि निर्णय अंतिम निकालात देतात. त्यामुळे ‘साहेबांनी हरकत ऐकलीच नाही’ असं वाटलं तरी नकलेत ती नोंदली गेली असेल तर घाबरायचं कारण नाही.

कॅमेऱ्याच्या चित्रीकरणाचं मात्र तुम्हाला तातडीने बघावं लागेल. पेनड्राइव्ह ही नक्कल आहे. नकलेसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, जुन्या कायद्यात ते ६५ब खाली होतं. नव्या कायद्याच्या अनुसूचीतल्या नमुन्यात त्याचे दोन भाग आहेत: एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे त्या फाइलचा अंगठा समजा. फाइलमध्ये किंचित बदल झाला तरी तो बदलतो. त्यामुळे दुकानदाराने तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलेली आणि तिथून पेनड्राइव्हमध्ये घातलेली फाइल मूळ फाइलशी जुळणार नाही. व्हॉट्सॲप चित्रफीत दाबून लहान करतं.

यावरचा मुख्य निकाल आपल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. हरलेले उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ उलटल्यावर दाखल झाला, आणि त्यासाठी निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या सीडी हव्या होत्या. सीडी मिळाल्या, प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नकलेला प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्षीने ते भरून निघत नाही. मूळ उपकरणच मालकाने साक्षीला येऊन हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि ज्याने ते मिळवण्यासाठी हातातलं सगळं केलं, पण देणाऱ्याने दिलंच नाही, त्याला अशक्य गोष्टीसाठी दोषी धरता येणार नाही. प्रमाणपत्र नंतर, खटला संपण्याआधी, दाखल करू देण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. म्हणजे तुमची वेळ गेलेली नाही. दुकानदाराला लेखी पत्र द्या, पोच घ्या. तो देत नसेल तर रेकॉर्डर आणि प्रमाणपत्र हजर करण्याचा आदेश मागणारा अर्ज वकिलांमार्फत द्या, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली. बहुतेक रेकॉर्डरमध्ये जुन्या चित्रीकरणावर नवं चढत जातं. घटनेला इतके दिवस झालेत, तेव्हा मूळ अजून आहे का हे आजच विचारा.

मात्र त्याआधी ते चित्रीकरण तुमच्या वकिलांसोबत पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. फिर्यादीकडचे लोक आधी धावून आले हे त्यात दिसत असेल, पण त्याच्या पुढच्या मिनिटात मामांच्या हातात काही दिसत असेल, तर दांड्याचा एवढा कष्टाने काढलेला लोप एका क्षणात निकामी होईल. कदाचित तुमच्या वकिलांनी निशाणीचा आग्रह धरला नाही त्याचं कारण हेच असू शकेल. विचारा.

सरकारी पुरावा संपला की न्यायाधीश त्याच संहितेच्या कलम ३५१ खाली मामांना प्रश्न विचारतील, जुनं ३१३. बरेच आरोपी प्रत्येक प्रश्नाला ‘खोटे आहे’ एवढंच म्हणून मोकळे होतात. बांधाचा वाद कधीपासून आहे, मोजणी झाली होती का, साक्षीदार फिर्यादीचा कोण लागतो, हे सांगायची ती जागा आहे, आणि न्यायालयाच्या परवानगीने लेखी निवेदनही देता येतं. विरोधात जाणारी एखादी बाब त्या वेळी विचारलीच गेली नाही, तर तिचा वापर आरोपीविरुद्ध करता येत नाही. शरद सारडा प्रकरणात, पुण्यातल्या खटल्यात, १९८४ मध्ये हे ठामपणे सांगितलं गेलं.

साक्षीदाराला पुन्हा बोलवता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४८ खाली येतं, पण ‘आमच्या वकिलांनी कमी प्रश्न विचारले’ हे कारण पुरत नाही. नकलेत दांड्याचा प्रश्न मुळीच नसेल तर मात्र आजच अर्ज करायला सांगा, तपासी अंमलदाराची साक्ष होण्याआधी. त्या साक्षीनंतर केलेला अर्ज उणीव भरून काढण्यासाठी आहे असं सरकारी वकील म्हणतील.

आणि तो साक्षीदार गावातलाच आहे म्हणून त्याला चहाच्या टपरीवर गाठून समजावायला जाऊ नका. मामांनी नाही, तुम्हीही नाही. मामांचा जामीन रद्द व्हायला तेवढं निमित्त पुरतं.